गहू सोडून बरे वाटले, म्हणजे काय सिद्ध झाले?

"महिनाभर गहू सोडून बघा. पोट हलके होईल, वजन उतरेल, गुडघे दुखायचे थांबतील. नाहीच फरक पडला तर पुन्हा पोळी सुरू करा, कोण अडवतंय?" हा सल्ला आता शिक्षकखोलीपासून लग्नाच्या पंगतीपर्यंत कुठेही ऐकू येतो. देणाऱ्याला स्वतःला बरे वाटलेले असते, त्यामुळे त्याच्या बोलण्यात खरेपणा असतो. शिवाय सल्ल्याला प्रयोगाचे रूप आहे. 'ऐकून विश्वास ठेवू नका, स्वतः करून पाहा' हे तर आपण विज्ञानाच्या तासाला रोज सांगतो. तेव्हा हा प्रयोग प्रयोग म्हणून कसा आहे, हे तपासून पाहायला हरकत नसावी.

या सल्ल्याच्या अलीकडच्या लाटेमागे जी पुस्तके आहेत, त्यांत सर्वाधिक गाजलेले पुस्तक म्हणजे 'व्हीट बेली'. अमेरिकेतील मिलवॉकी शहरातले हृदयरोगतज्ज्ञ विल्यम डेव्हिस यांनी ते लिहिले आणि २०११ साली ते प्रसिद्ध झाले. आपल्याकडे पुस्तकाचे नावही न ऐकलेली माणसे त्यातले मुद्दे बोलताना आढळतात. आजचा गहू हा मूळचा गहू राहिलेला नाही, हरितक्रांतीतल्या बुटक्या वाणांनी तो बिघडवला, त्याची पोळी साखरेपेक्षाही रक्तातली साखर वाढवते, त्याची अफूसारखी सवय लागते, आणि म्हणून तो सर्वांनीच सोडावा, असा एकंदर युक्तिवाद आहे. लेखकाची भाषा चटपटीत आहे, रुग्णांच्या गोष्टी वाचनीय आहेत. मैदा, बिस्किटे, गोड न्याहाऱ्या यांवर वाढलेल्या अमेरिकन माणसाला त्याने 'हे सगळे बंद करा' म्हटले, यातही वावगे काही नाही. अडचण पुढे आहे. बंद केलेल्या साऱ्या पदार्थांत दोषी एकटा गहूच, हे त्याने ठरवले कसे?

पुस्तकात लेखकाने स्वतःवर केलेला एक प्रयोग दिला आहे. आइनकॉर्न नावाचा अतिप्राचीन गहू मिळवून त्याने त्याचा पाव केला आणि खाल्ला. रक्तशर्करा ८४ वरून ११० मिलिग्रॅमपर्यंत गेली. नंतर आजच्या गव्हाचा तसाच पाव खाल्ला, तेव्हा ती ८४ वरून १६७ वर गेली. शिवाय मळमळ सुरू झाली आणि ती छत्तीस तास टिकली. लेखकाने मोजमाप केले आणि आकडे दिले, याबद्दल त्याला गुण द्यायला हवेत. पण आठवीतल्या एखाद्या चौकस मुलीसमोर हा प्रयोग ठेवला तर ती काय विचारेल? एकच माणूस, प्रत्येक पाव एकदाच. कोणता पाव कोणत्या गव्हाचा हे खाणाऱ्याला आधीच ठाऊक. आइनकॉर्नचा पाव नीट फुगत नाही, घट्ट राहतो, आणि घट्ट पदार्थातले पिष्ट सावकाश पचते. मग फरक गव्हाच्या जातीमुळे पडला की पावाच्या घडणीमुळे? आणि मळमळीचे काय? 'हे विष आहे' असे मनाशी ठरवून खाल्लेल्या घासाने मळमळणे ही काही नवलाची गोष्ट नाही.

साखरेचा मुद्दा जास्त गमतीचा आहे, कारण त्यातला आकडा खरा आहे. टोरंटो विद्यापीठातील डेव्हिड जेन्किन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली ग्लायसेमिक निर्देशांकाचा पहिला तक्ता छापला. ठरावीक पिष्ट किंवा शर्करा असलेला पदार्थ खाल्ल्यावर दोन तासांत रक्तातली ग्लुकोज किती वाढते, याची तुलना शुद्ध ग्लुकोजशी करायची आणि ग्लुकोजला १०० धरायचे, अशी ही पद्धत. त्या तक्त्यात सपिठाच्या नव्हे, तर सबंध गव्हाच्या पावाचा आकडा ७२ आहे आणि साखरेचा ५९. झाले! पोळी साखरेपेक्षा वाईट. पण साखरेचा आकडा कमी का? तिच्या रेणूचा अर्धा भाग फ्रुक्टोज असतो आणि फ्रुक्टोज रक्तातल्या ग्लुकोजच्या मोजणीत फारशी दिसत नाही. म्हणून साखर निरोगी ठरत नाही. आता त्याच तक्त्यातल्या बाकीच्या ओळी वाचा. पांढरा तांदूळ ७२. मिलेट, म्हणजे भरडधान्य, ७१. गव्हाचीच स्पॅगेटी ५०, सबंध गव्हाची स्पॅगेटी ४२. आणि मैदा, अंडी, साखरेचा स्पंज केक ४६! एकाच धान्याचे आकडे ४२ ते ७२ असे पसरले असतील, तर निर्णायक गोष्ट धान्य नसून त्याचे रूप आहे, म्हणजे ते किती बारीक दळले, किती फुगवले, कशाबरोबर खाल्ले. गव्हाविरुद्ध साक्ष द्यायला आणलेला तक्ताच असा उलट बोलतो. लेखकाने एक ओळ उचलली आणि शेजारच्या चार ओळी सोडल्या, एवढाच याचा अर्थ.

बुटक्या गव्हाची कहाणी आपल्याला जवळची आहे. जपानमधल्या नोरिन १० या ठेंगण्या वाणाचे बी दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत गेले. तिथे ऑर्व्हिल व्होगेल यांनी त्याचा संकर केला आणि ते मेक्सिकोत नॉर्मन बोरलॉग यांच्या हाती आले. १९६६ साली भारताने लेर्मा रोहो ६४ आणि सोनोरा ६४ या वाणांचे १८,००० टन बियाणे मागवले. त्यांचा दाणा लालसर होता आणि आपल्या लोकांना पोळी हवी गोरी, म्हणून पुढे कल्याण सोना, सोनालिका हे वाण निवडून काढावे लागले. खाणाऱ्यांच्या आवडीने शास्त्रज्ञांना कामाला लावल्याचे हे एक छान उदाहरण आहे. असो. बुटकेपणा देणारी जनुके करतात एवढेच, की जिबरेलिन या वाढीच्या संप्रेरकाला रोप कमी प्रतिसाद देते. ताट आखूड राहते आणि खत दिल्यावर कणसाच्या भाराने आडवे पडत नाही. ताट आखूड झाले म्हणून दाण्यातले ग्लूटेन वाढले का? अमेरिकेच्या कृषी खात्यातले रसायनशास्त्रज्ञ डोनाल्ड कासार्डा यांनी विसाव्या शतकातल्या नोंदी तपासून २०१३ मध्ये लिहिले, की तिथल्या गव्हात ग्लूटेन वाढल्याचा पुरावा मिळत नाही. उलट १८७९ च्या सुमारास अमेरिकन माणूस वर्षाला सुमारे २२५ पौंड गव्हाचे पीठ खात असे. १९७२ पर्यंत हा आकडा ११० पौंडांवर आला होता.

त्याहून सोपा प्रतिवाद कालक्रमाचा आहे. गव्हामुळे खरोखर एक गंभीर आजार होतो, त्याला सीलिअ‍ॅक आजार म्हणतात. हे नाव ज्या ग्रीक शब्दावरून आले तो अरेटिअस या वैद्याने सुमारे अठराशे वर्षांपूर्वी वापरला. लंडनमधले डॉक्टर सॅम्युअल गी यांनी १८८८ मध्ये या आजाराचे नेटके वर्णन केले. गव्हाशी त्याचा संबंध सिद्ध झाला तो १९५० मध्ये. बुटका गहू त्यानंतर आला. म्हणजे ज्या गव्हाने ही मुले आजारी पडत होती, तो आजी-आजोबांच्या काळातला 'शुद्ध' उंच गहूच होता. आपल्याकडे सातारा-सांगलीकडचा खपली गहू हल्ली ग्लूटेनचा त्रास नसलेला म्हणून चढ्या भावाने विकला जातो. खपलीत १४ गुणसूत्रांच्या जोड्या आहेत, साध्या गव्हात २१. पण ग्लूटेन दोन्हींत आहे. चवीसाठी, खिरीसाठी खपली जरूर आणावा. सीलिअ‍ॅकच्या रुग्णाला मात्र तो तितकाच घातक आहे.

एका बाबतीत लेखकाच्या हाती सबळ पुरावा आहे, हेही सांगितले पाहिजे. अमेरिकेतल्या एका हवाई दलाच्या तळावर १९४८ ते १९५४ या काळात तरुण सैनिकांच्या रक्ताचे नमुने घेऊन गोठवून ठेवले होते. मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी असे ९,१३३ नमुने तपासून २००९ मध्ये निष्कर्ष छापले. त्या पिढीत न ओळखलेला सीलिअ‍ॅक आजार ०.२ टक्के होता, आजच्या लोकांत तो त्याच्या चौपटीच्या आसपास आहे. वाढ खरी आहे. तिचे कारण अजून निश्चित झालेले नाही. लेखक मात्र त्या रिकाम्या जागी बुटका गहू बसवून मोकळा होतो.

अफूचे म्हणाल तर, १९७९ साली ग्लूटेनच्या अर्धवट पचनातून निघालेले काही प्रथिनतुकडे परीक्षानळीत अफूच्या ग्राहकांना चिकटतात असे आढळले होते. त्याच शोधनिबंधात दुधातल्या केसीनचे तुकडेही तसेच वागले. त्या न्यायाने दही-पोळी हे जोडव्यसन ठरेल.

इथपर्यंत पुस्तकाचे झाले. पण ज्या शेजाऱ्याने गहू सोडला आणि ज्याला खरोखर बरे वाटले, त्याला हे सगळे सांगून काय उपयोग? तो म्हणेल, तुमचे तक्ते राहू द्या, माझे पोट साफ होऊ लागले. त्याचे पोट साफ होऊ लागले यावर अविश्वास दाखवायचे कारण नाही. प्रश्न एवढाच, की कशामुळे?

गहू ताटातून उठतो तेव्हा एकटा उठत नाही. सकाळच्या चहाबरोबरची खारी आणि टोस्ट जातात, मधल्या सुट्टीतला वडापाव जातो, बिस्किटाचा पुडा जातो, रव्याचा शिरा, शेवया, समोसा, ब्रेड पॅटिस जातात. त्यांच्याबरोबर तेल, तूप, साखर, मीठ जाते. चार पोळ्यांच्या जागी दीड भाकरी येते आणि तिच्याबरोबर पालेभाजी, झुणका, कांदा येतो. बाहेरचे खाणे आपोआप कमी होते. शिवाय माणूस असा प्रयोग सुरू करतो तो त्रास अगदी वाढलेला असताना. कमी-जास्त होणारा त्रास कळसाला पोचला की त्यानंतर बहुधा उतरतोच, मग मध्ये गहू सोडलेला असो की अंगारा लावलेला असो. आणि आपण काही तरी निर्धाराने करतो आहोत, या भावनेचाही पोटावर परिणाम होतो. एका वेळी इतक्या गोष्टी बदलल्यावर श्रेय एकीला देणे म्हणजे, नवे खत, नवे बी आणि चांगला पाऊस एकाच साली मिळाल्यावर पीक खतामुळे आले म्हणण्यासारखे आहे.

वैद्यकाच्या इतिहासात नेमकी हीच चूक एकदा घडली आहे आणि ती या विषयातलीच आहे. न्यू यॉर्कचे बालरोगतज्ज्ञ सिडनी हास यांनी १९२४ मध्ये सीलिअ‍ॅकने खंगलेल्या दहा मुलांची हकीकत छापली. त्यांतल्या आठ मुलांना त्यांनी मुख्यतः केळी खायला दिली, पाव आणि इतर पिष्टमय पदार्थ वर्ज्य केले. आठही सुधारली. ज्या दोघांना केळी दिली नाहीत ती दगावली. पुढची पंचवीस वर्षे केळी हा या आजारावरचा मान्य उपचार होता आणि त्याने असंख्य मुलांचे प्राण वाचले. तरी निष्कर्ष चुकला होता. मुले केळी आल्यामुळे बरी झाली नव्हती, पाव गेल्यामुळे झाली होती. चुकीची किंमतही पडली. मूल धष्टपुष्ट झाले की ते बरे झाले असे समजून पुन्हा पाव सुरू होई आणि आजार परत येई. हास यांच्या १९५१ सालच्या पुस्तकातही भर पिष्टमय पदार्थ टाळण्यावरच आहे. डोळ्यांसमोर मुले बरी होत असताना आपले कारण चुकीचे असू शकते, हे स्वीकारणे कुणालाही जड जाते.

खरे कारण शोधले ते हेग शहरातले डच डॉक्टर विलेम डिके यांनी. काही मुलांना पाव बंद केला की बरे वाटते हे त्यांच्या १९३० च्या दशकातच लक्षात आले होते. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन वेढ्यामुळे हॉलंडमध्ये उपासमार झाली, पाव मिळेनासा झाला. माणसे भुकेने मरत असताना सीलिअ‍ॅकची मुले मात्र सुधारत होती, आणि पाव पुन्हा मिळू लागताच ती घसरली. एवढ्यावर डिके थांबले असते तर त्यांची गोष्टही 'सोडून पाहिले, बरे वाटले' याच जातीची झाली असती. युद्धानंतर त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांच्या आहारात बाकी काही न बदलता एकेक धान्य घालून आणि काढून पाहिले. सुधारणा मोजायला 'बरे वाटते का' असे न विचारता मुलांच्या मलातली न पचलेली चरबी मोजली. गहू आणि राय दिली की चरबी वाढे, तांदूळ दिला की वाढत नसे. मग पीठ धुऊन त्याचे भाग केले, तेव्हा गव्हाचे पिष्ट निर्दोष निघाले आणि दोष ग्लूटेनमध्ये सापडला. पिष्ट दोषी मानणारे हास इथे अखेर चूक ठरले. डिके यांचा प्रबंध १९५० मध्ये उट्रेख्ट विद्यापीठाला सादर झाला.

आज सीलिअ‍ॅक नसूनही 'मला गहू सोसत नाही' म्हणणाऱ्यांचे काय? त्यांच्यावरही डिके यांच्याच वळणाने प्रयोग झाले. मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठातील पीटर गिब्सन यांच्या गटाने २०११ मध्ये ३४ जणांना ग्लूटेन घातलेले किंवा न घातलेले पाव आणि मफिन दिले. कोणाला काय मिळते ते खाणाऱ्याला आणि नोंद घेणाऱ्यालाही ठाऊक नव्हते. ग्लूटेनवाल्यांना जास्त त्रास झाला. ग्लूटेनविरोधकांनी हा निकाल उचलून धरला. पण त्याच गटाला शंका होती, म्हणून २०१३ मध्ये त्यांनी ३७ जणांवर अधिक कडक प्रयोग केला. आधी दोन आठवडे सर्वांच्या आहारातून आतड्यात आंबणारी काही कर्बोदके काढली, त्यानेच सर्वांचा त्रास कमी झाला. मग ग्लूटेन किंवा त्याऐवजी दुधाचे प्रथिन पाळीपाळीने दिले. त्रास पुन्हा वाढला, पण दोन्ही वेळी सारखाच! ग्लूटेनलाच म्हणून त्रास झालेले अवघे ८ टक्के निघाले. आपल्याच आधीच्या निकालाला आपणच सुरुंग लावणारा हा गट मला डेव्हिस यांच्या साऱ्या पुस्तकापेक्षा जास्त शिकवून जातो.

त्यानंतर ऑस्लोमध्ये ५९ जणांना तीन प्रकारच्या, चवीला सारख्या वड्या एकेक आठवडा दिल्या. एकीत ग्लूटेन, दुसरीत फ्रुक्टन, तिसरीत दोन्ही नाही. २०१८ मध्ये निकाल आला. सर्वाधिक त्रास फ्रुक्टनने २४ जणांना, काहीच नसलेल्या वडीने २२ जणांना, आणि ग्लूटेनने १३ जणांना. फ्रुक्टन म्हणजे फ्रुक्टोजच्या साखळ्या. माणसाला त्या पचवता येत नाहीत, मोठ्या आतड्यातले जिवाणू त्या आंबवतात आणि वायू होतो. गव्हात त्या असतात. कांद्यात आणि लसणातही असतात. आपल्या शेजाऱ्याने पोळी सोडून भाकरी-कांदा सुरू केला असेल, तर खरा गुन्हेगार त्याच्या ताटात अजून बसलेला असण्याची शक्यता आहे. हे प्रयोग लहान आहेत, थोड्या दिवसांचे आहेत, हे खरे. पण 'ग्लूटेन' हा शब्द पाकिटावर छापण्याइतकी घाई करू नये, एवढे त्यांतून नक्की दिसते.

आता सल्ल्याच्या शेवटच्या वाक्याकडे वळू. "सोडून बघायला काय जाते?" माझा सर्वांत मोठा आक्षेप याच वाक्याला आहे, कारण काही जणांचे खरोखर जाते.

सीलिअ‍ॅक आजारात शरीराची प्रतिकारयंत्रणा ग्लूटेनच्या तुकड्यांवर आणि त्यांच्याबरोबर आतड्याच्या स्वतःच्या एका विकरावरही तुटून पडते. लहान आतड्याच्या आतल्या बोटांसारख्या सूक्ष्म उंचवट्यांची झीज होते आणि अन्न शोषले जात नाही. निदान दोन पायऱ्यांनी होते. रक्तात त्या विकराविरुद्धची प्रतिद्रव्ये पाहायची आणि मग दुर्बिणीने आतड्याचा सूक्ष्म तुकडा काढून तपासायचा. या दोन्ही खुणा गहू पोटात जात असतानाच दिसतात. गहू सोडला की प्रतिद्रव्ये हळूहळू उतरतात आणि उंचवटे भरून येतात. म्हणजे प्रयोग करणाऱ्याने बरे वाटण्याबरोबर पुरावाही पुसून टाकलेला असतो. मग डॉक्टरांकडे गेले तर तपासणी चुकून निर्दोष येऊ शकते. निदान हवे असेल तर पुन्हा निदान सहा आठवडे रोज गहू खा, असे सांगावे लागते, आणि ज्याला खरोखर आजार आहे त्याला ते आठवडे नकोसे होतात. जनुकांची तपासणी आहाराने बदलत नाही, पण तिच्यामुळे आजार नाही एवढेच सांगता येते. ती जनुके असलेली बहुसंख्य माणसे निरोगीच असतात.

निदानाने एवढा काय फरक पडतो, गहू तर सोडलाच ना? फार पडतो. सीलिअ‍ॅकचा रुग्ण 'बहुतेक' गहू सोडून चालत नाही. सणाची एक पुरणपोळी, प्रवासातला एक पाव यांनीही झीज सुरू राहते, पोट दुखो वा न दुखो. हाडे ठिसूळ होणे, रक्तक्षय, मुलांची वाढ खुंटणे हे परिणाम सावकाश येतात. 'मला गहू मानवत नाही' एवढ्यावर थांबलेला माणूस मोह झाला की खातो. शिवाय हा आजार कुटुंबात चालतो. निदान झाले तर भावंडांची आणि मुलांची तपासणी होते, न झाले तर कोणाचीच होत नाही.

आणि हा आजार आपल्याकडे दुर्मीळ नाही. दिल्ली परिसरात १०,४८८ लोकांची पाहणी होऊन २०११ मध्ये प्रमाण सुमारे शंभरात एक निघाले. उत्तर, ईशान्य आणि दक्षिण भारतातल्या २३,३३१ लोकांची पाहणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. उत्तरेत १.२३ टक्के, ईशान्येत ०.८७ आणि दक्षिणेत ०.१०. आजाराला पोषक जनुके तिन्हीकडे साधारण एक तृतीयांश लोकांत होती. रोजचा गहू मात्र उत्तरेत सरासरी ४५५ ग्रॅम, ईशान्येत ३७ आणि दक्षिणेत २५. महाराष्ट्राची अवस्था मधली आहे. भाकरीच्या प्रदेशात पोळी रोजची झाली ती गेल्या दोन-तीन पिढ्यांत. वर्गात एखादे मूल वयाच्या मानाने फारच ठेंगणे राहते, लोहाच्या गोळ्या देऊनही फिकटच दिसते, वरचेवर पोट बिघडल्याने गैरहजर असते. त्याच्या पालकांना 'गहू सोडून बघा' असे शिक्षकाने सांगितले तर त्या मुलाचे निदान कित्येक वर्षे लांबू शकते. 'गहू चालू असतानाच डॉक्टरांकडून सीलिअ‍ॅकची रक्ततपासणी करून घ्या' असे सांगितले तर ते लवकर होऊ शकते. दोन्ही वाक्ये म्हणायला सारखाच वेळ लागतो.

तपासण्या होऊन सीलिअ‍ॅक आणि गव्हाची अ‍ॅलर्जी दोन्ही नाहीत असे ठरले, तर मोठ्या माणसाने खुशाल प्रयोग करावा, फक्त नीट करावा. मुलांवर करू नये. थालिपीठाची भाजणी यासाठी सोयीची आहे. एका भाजणीत गहू घालायचा, दुसरीत त्याच्या जागी तेवढीच ज्वारी. धने-जिरे आणि कोथिंबीर असली की चवीने ओळखणे अवघड जाते. कांदा मात्र घालू नये, कारण वर सांगितलेच आहे. घरातल्या दुसऱ्या कोणी डब्यांवर अ आणि ब लिहावे आणि किल्ली स्वतःजवळ ठेवावी. एक आठवडा अ, मग एक आठवडा मोकळा, मग एक आठवडा ब. इतर गहू सर्व काळ बंद. रोज रात्री त्रासाला शून्य ते दहा गुण द्यायचे. जोडी संपली की गहू कोणत्या आठवड्यात होता ते सांगायचे आणि कागदावर लिहून ठेवायचे. एकदा बरोबर आले तर ते नाणेफेकीसारखे आहे, निम्मी शक्यता. अशा सहा जोड्या केल्या आणि सहाही ओळखल्या, तर निव्वळ नशिबाने तसे होण्याची शक्यता ६४ मध्ये १. अकरावी-बारावीच्या गणिताला हे उदाहरण देता येईल, आणि सहाऐवजी सहापैकी पाच बरोबर आले तर काय म्हणायचे, यावर वर्गात चांगला वाद होईल.

लहान वर्गांसाठी कणीक धुण्याचा जुना प्रयोग आहेच. मूठभर कणीक घट्ट मळून अर्धा तास ठेवायची आणि पाण्याच्या वाडग्यात चोळत धुवायची. पांढरे पाणी खाली जाते, त्यात आयोडीन टाकले की निळे होते, ते पिष्ट. हातात रबरासारखा चिवट गोळा उरतो, ते ग्लूटेन. बोलोन्याच्या बेकारी यांनी १७२८ मध्ये हेच केले होते. ज्वारीचे पीठ तसेच धुतले तर हातात काही उरत नाही. पोळी लाटता येते आणि भाकरी थापावी लागते, यामागचे कारण मुलांना इथे बोटांनी कळते.

ज्यांचे निदान झाले आहे, त्यांना महाराष्ट्रात राहणे मिलवॉकीपेक्षा सोपे आहे. ज्वारी, बाजरी, नाचणी, वरी, तांदूळ यांत ग्लूटेन नाही. पण दोन ठिकाणी हमखास फसगत होते. एक, गिरणी. आधीच्या गिऱ्हाइकाचा गहू दळून झाल्यावर त्याच जात्यात आपली ज्वारी पडते, तेव्हा तिच्याबरोबर गव्हाचे पीठ घरी येते. अशा घरांनी घरगुती चक्की घ्यावी. आणि दुसरे, हिंग. बाजारातल्या बांधानी हिंगात मैदा किंवा गव्हाचे पीठ मिसळलेले असते, म्हणजे भाकरीबरोबरच्या आमटीच्या फोडणीतून गहू पोटात जातो. डबीवरचे बारीक अक्षर वाचून तांदळाच्या पिठातला हिंग निवडावा.